कॅनव्हासची छागळ : मढे घाटाच्या कोरड्या धबधब्यापर्यंत नेऊन पाहिलेली

गेल्या एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही घरातली पाच माणसे मढे घाटातला लक्ष्मी धबधबा पाहायला पायी गेलो, तेव्हा त्यात पाण्याचा थेंबही नसणार हे आम्हाला निघण्यापूर्वीच ठाऊक होते. आदल्या जुलैत आम्ही त्याच ठिकाणी गेलो होतो. त्या वेळी धुके इतके दाट होते की पाण्याचा आवाज कानांवर येत होता, पण समोर पांढऱ्या पडद्यापलीकडे काहीच दिसले नाही. सहावीत शिकणाऱ्या थोरल्या मुलीने तेव्हाच विचारले होते, ‘‘आई, पाणी नेमके कुठून कुठे पडते?’’ त्या प्रश्नाचे उत्तर उन्हाळ्यातच मिळणार होते, म्हणून आम्ही मुद्दाम उन्हाळा निवडला. मात्र उन्हाळ्यात कोरड्या धबधब्याकडे जायचे तर पाणी सगळे बरोबर न्यावे लागते. त्यासाठी आम्ही विकत घेतलेल्या पाच लिटरच्या कॅनव्हासच्या छागळीविषयी, म्हणजे पाणी गार ठेवणाऱ्या कापडी पिशवीविषयी, मी इथे लिहीत आहे. त्या दिवशी आणि त्यानंतर मेअखेरपर्यंत आम्ही ती वापरली, त्यामुळे हे मत एका दिवसाच्या अनुभवावरचे नाही.

छागळ घ्यायचे कारण धाकटा मुलगा. तो दुसरीत आहे आणि प्लास्टिकच्या बाटलीत तापलेले पाणी तो पीत नाही. वास येतो म्हणतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मागच्या मार्चमध्ये सिंहगडाच्या पायवाटेवर पाठपिशवीत दोन भरलेल्या बाटल्या असूनही त्याने पाणी घेतले नाही. वर पोहोचेपर्यंत त्याचे डोके दुखू लागले आणि आम्हाला अर्ध्या तासात खाली उतरावे लागले. बरोबर पाणी असणे आणि मुलाने ते पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. घरी आल्यावर सासऱ्यांनी छागळीची आठवण काढली. त्यांच्या तरुणपणी ट्रकच्या पुढच्या बाजूला आणि जीपच्या आरशाला अशी ओली पिशवी टांगलेली असे आणि भर दुपारी तिच्यातले पाणी माठासारखे गार लागे. मला ते स्मरणरंजन वाटले होते. तरीही दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रविवार पेठेत गेले आणि बोहरी आळीच्या परिसरात, दोर, ताडपत्र्या आणि कॅनव्हासच्या पिशव्या विकणाऱ्या एका जुन्या दुकानात आम्हाला ती मिळाली. किंमत साडेतीनशे रुपये.

वस्तू अगदी साधी आहे. जाड, घट्ट विणीच्या सुती कॅनव्हासची चौकोनी पिशवी, तीन बाजूंनी दुहेरी शिवण, वरच्या कोपऱ्यात बुचाचे तोंड आणि टांगण्यासाठी सुती दोराचा बंद. आत अस्तर नाही आणि बाहेर कसलाही लेप नाही. घेताना सर्वांत आधी हीच गोष्ट पाहायला हवी. पाणी आत शिरू नये म्हणून मेण किंवा रसायन लावलेल्या कॅनव्हासच्या पिशव्याही बाजारात मिळतात आणि दिसायला त्या अधिक नेटक्या असतात, पण त्यांतून पाणी पाझरत नसल्याने त्यांचा या कामी काडीचाही उपयोग नाही. दुकानदारांनी हे आपणहून सांगितले. कापडावर पाण्याचे दोन थेंब टाकून ते मुरतात की घरंगळतात, हे त्यांनी दाखवले आणि म्हणाले, ‘‘ताई, छागळ घामेजली पाहिजे, गळता कामा नये.’’ आमची पहिली छागळ मात्र गळली. तोंडाजवळची शिवण सैल होती आणि रात्रभर टांगून ठेवल्यावर न्हाणीघरात सकाळी जवळजवळ अर्धी पिशवी रिकामी झालेली होती. ती परत नेली तेव्हा त्यांनी हुज्जत न घालता बदलून दिली, आणि दुसरी देण्याआधी दुकानातच पाणी भरून पंधरा मिनिटे खुंटीला लावून ठेवली.

नवी छागळ लगेच वापरता येत नाही आणि घाईत असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. नव्या कापडाला खळीचा वास असतो आणि धागे अजून फुगलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीला ती पाझरण्याऐवजी सरळ ठिबकते. आम्ही ती एक पूर्ण दिवस बादलीत बुडवून ठेवली, पाणी तीनदा बदलले आणि मग सलग तीन रात्री भरून बाल्कनीत टांगली. पहिल्या रात्री खाली ठेवलेल्या पातेल्यात तांब्याभर पाणी साठले, दुसऱ्या रात्री पेलाभर, आणि तिसऱ्या रात्री पातेले जवळपास कोरडे राहिले, पण पिशवीचा बाहेरचा भाग हाताला ओलसर लागत होता. सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि विणीतल्या फटी स्वतःच बुजवतो, त्याचा हा परिणाम. वास मात्र पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत थोडा राहिला आणि पाण्याला किंचित कापडाची चव होती. सासूबाईंनी त्यात वाळ्याची जुडी टाकून पाहिली. त्याने चव झाकली गेली, पण वाळ्याचे बारीक तंतू बुचात अडकू लागले, म्हणून तो उपाय आम्ही सोडून दिला.

ती थंड कशी होते, हे माठ वापरणाऱ्या घराला समजावून सांगण्याची गरज नाही. पृष्ठभागावर आलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. माझ्या मुलीला आकडे हवे होते, म्हणून आम्ही ते मांडले. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे ५८ ग्रॅम पाणी १० अंश सेल्सिअसने थंड होऊ शकते. म्हणजे पाच लिटर पाणी दहा अंशांनी उतरवायला हिशेबाने ९० ग्रॅमच्या आसपास पाणी खर्ची पडावे. प्रत्यक्षात खर्च याच्या अनेक पटींनी होतो, कारण बाहेरची गरम हवा आणि ऊन पिशवीत सतत उष्णता भरत राहतात. त्याविषयी पुढे लिहिते. छागळीची मर्यादाही याच तत्त्वातून येते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी गार. हवा दमट झाली की तिचे काम मंदावते. हवामानशास्त्रात कोरडी आणि ओली अशा दोन तापमाप्या शेजारी ठेवून हवेतली आर्द्रता काढतात. ओल्या तापमापीच्या फुग्याभोवती भिजलेले कापड असते. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला आपण पुणेकर शिमला ऑफिस म्हणतो, तिथे हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून आले होते. त्या इमारतीवरून जाताना मी मुलीला या दोन तापमाप्यांविषयी सांगितले, तर तिने घरी मत्स्यपेटीतल्या काचेच्या तापमापीला ओले फडके गुंडाळून तोच प्रयोग केला. ओल्या फडक्याने दाखवलेल्या तापमानाच्या खाली छागळीतले पाणी कधीच गेले नाही, पण त्याच्या तीन-चार अंश जवळ बहुतेक वेळा पोहोचले.

त्या रविवारी आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. पुणे-सातारा रस्त्याने चेलाडी फाटा, तिथून नसरापूर, पुढे वेल्हे, पासली आणि केळद असा ६० ते ७० किलोमीटरचा रस्ता आहे. वेल्ह्याच्या आसपास तोरणा समोर उभा राहतो. छागळ आम्ही गाडीवरच्या कॅरिअरला मागच्या बाजूने बांधली होती. वारा लागावा हा हेतू होता आणि तो पुरेपूर साध्य झाला. नळाचे पाणी घरी २८ अंश होते, ते केळदला पोहोचेपर्यंत २१ अंशांवर आले. पण मागच्या चाकांनी उडवलेली सगळी धूळ ओल्या कापडावर बसून तिचा चिखल झाला होता आणि बुच उघडण्यापूर्वी ते तोंड पुसायला आम्हाला पेलाभर पाणी खर्चावे लागले. पुढच्या खेपेपासून आम्ही ती मागे न बांधता बाजूला, मागच्या दाराच्या वर बांधू लागलो. बुचाच्या तोंडाला मलमलीचे फडके बांधले की धुळीचा प्रश्न बराचसा सुटतो.

गाडी गावातच ठेवून आम्ही चालू लागलो. वाट सोपी आहे. सपाट माळ, मध्ये मध्ये करवंदांच्या जाळ्या, आणि शेवटी एकाएकी संपणारी जमीन. सासऱ्यांच्या गुडघ्यांना झेपेल अशीच वाट हवी होती. छागळीचा खरा दोष इथे समोर आला. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो वजन, आणि ते एका दोराच्या बंदावर. शंभर पावलांत माझ्या पतींच्या तळहातावर वळ उठले. खांद्याला अडकवली तर पाठीला घासून सदरा भिजतो आणि अंगाला टेकलेल्या बाजूने वाफ होत नाही, म्हणजे निम्मी छागळ निकामी. शेवटी आम्ही एक काठी बंदातून ओवली आणि दोघांनी दोन टोके खांद्यावर घेतली. त्याने वजन विभागले गेले, पण पिशवी प्रत्येक पावलाला झुलत होती आणि तिच्या तालावर पावले टाकायला दोघांची उंची सारखी असावी लागते. कुटुंबाने पायी नेण्यासाठी पाच लिटरची छागळ मोठी आहे, हे मी ठामपणे सांगेन. बनवणाऱ्यांनी तिला दोन रुंद पट्टे आणि पाठीपासून पिशवी चार बोटे दूर ठेवणारी एखादी वेताची चौकट दिली, तर तिची उपयुक्तता कितीतरी वाढेल.

पण पहिल्या विसाव्याला जे घडले, त्याने ते सगळे कष्ट फिटले. साडेनऊ वाजले होते, जांभळाच्या सावलीत हवेचे तापमान ३३ अंश होते, मुद्दाम बरोबर घेतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी ३२ आणि छागळीतले २२. मुलाने भांडे तोंडाला लावले, ते एका दमात रिकामे केले आणि पुन्हा पुढे केले. चार तासांच्या त्या फेरीत तो सव्वा लिटरच्या आसपास पाणी प्यायला, आणि मला एकदाही ‘पी रे बाळा’ म्हणावे लागले नाही. फ्रीजच्या पाण्यासारखे ते दातांना झोंबत नाही. घशाला बसेल एवढेच ते गार असते, आणि सासूबाईंना तर फ्रीजचे पाणी वर्ज्यच आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही वस्तू दहा जणांना सुचवली आहे.

कड्यावर पोहोचलो तेव्हा धबधब्याची सगळी रचना उघडी पडली होती. बेसॉल्टचा काळा कातळ, त्याच्यावर पाण्याच्या वाटेने उमटलेले फिकट पट्टे, शेवाळ वाळून तपकिरी झालेले, आणि खाली कोकणात उतरत जाणारी दरी. सह्याद्रीचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. हे थर एकावर एक कसे बसले, ते कड्याच्या पायऱ्यांसारख्या टप्प्यांत स्पष्ट दिसत होते. माथ्यावरचे पाणलोट क्षेत्र छोटे आहे आणि उघडा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही, त्यामुळे पाऊस थांबला की इथला प्रवाहही आटत जातो. मुलीने पाणी पडण्याची जागा बोटाने दाखवली आणि वहीत चित्र काढले. सासऱ्यांनी मुलांना तानाजी मालुसऱ्यांची हकिकत सांगितली. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर ते पडल्यानंतर त्यांचा देह याच घाटाने खाली उमरठला नेला, म्हणून घाटाला मढे नाव पडले, असे परंपरेने सांगतात. ते ऐकून दोघेही बराच वेळ गप्प बसून दरीकडे पाहत राहिले. कड्याजवळ वाळलेल्या गवतावरून पाय घसरतो, म्हणून मुलांना आम्ही काठापासून बरेच मागे बसवले होते, हे इतर पालकांसाठी नमूद करते.

याच जागी छागळीचे दुसरे रूप दिसले. अकरानंतर दरीतून वारा वर येऊ लागला. तो कोकणातून येणारा, दमट. अंगावरचा घाम वाळेनासा झाला आणि तासाभरात छागळीतले पाणी २२ अंशांवरून २६ वर चढले. ती काही बिघडली नव्हती. मुलीने ओले फडके गुंडाळून तापमापी धरली, तर तीही चार अंशांनी वर गेली होती. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी ही छागळ उत्तम चालते, मेअखेरीस वळवाचे ढग जमू लागल्यावर मध्यम, आणि मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या आप्तांना ती भेट देण्यात अर्थ नाही. मी स्वतः माझ्या अलिबागच्या नणंदेला ती पाठवणार होते, तो विचार रद्द केला.

आता खर्चाविषयी. सामानाचे वजन करण्याचा ताणकाटा आमच्याकडे होता. घरून निघताना भरलेल्या छागळीचे वजन साडेपाच किलो होते, केळदला पोहोचल्यावर पाच किलो. म्हणजे एक घोटही न पिता अर्धा लिटर पाणी वाऱ्यावर गेले, आणि दिवसभरात असे एकूण सव्वा लिटरच्या आसपास गेले. गार पाण्याची किंमत छागळ पाण्यातच वसूल करते. शहरात नळ हाताशी असताना हे जाणवत नाही, पण त्या दिवशी गावातून परत येताना आम्हाला डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बायका भेटल्या. त्यांतल्या एका आजींनी मुलांकडे पाहून ‘‘पानी देऊ का पोरांना?’’ असे विचारले. आम्ही हात जोडून नको म्हटले आणि आमची छागळ दाखवली, तर त्या हसून म्हणाल्या, ‘‘माझ्या बापाकडं व्हती अशी.’’ ज्या घरात हंडाभर पाण्यासाठी माणूस उन्हात चालतो, त्या घरी सहलीला आलेल्या माणसांनी पाणी मागू नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून छागळीतले पाणी संपूर्ण गरजेत धरू नये. आम्ही पाच जणांसाठी छागळीखेरीज स्टीलच्या तीन लिटरभर बाटल्या आणि गाडीत पाच लिटरचा कॅन ठेवला होता. छागळीच्या पाच लिटरांपैकी हिशेबात साडेतीनच धरले होते आणि तो अंदाज जवळपास बरोबर निघाला.

दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या बाटलीशी तुलना अपरिहार्य आहे. फ्रीजचे पाणी भरलेली आमची एक लिटरची तशी बाटली दुपारी बारालाही १४ अंशांवर होती, म्हणजे नुसत्या आकड्यांत ती छागळीच्या कितीतरी पुढे आहे, आणि तिच्यातले पाणी थेंबभरही कमी होत नाही. पण तशा पाच बाटल्यांना छागळीच्या अनेक पट पैसे पडतात, रिकाम्या झाल्यावरही त्यांचे ओझे राहते, आणि वाटेत कोमट पाणी भरले तर त्या ते कोमटच ठेवतात. छागळ वाटेत भरलेले पाणीही तासा-दीड तासात गार करते, रिकामी झाली की घडी करून खिशात जाते. मातीची बाटली चवीला सर्वांत चांगली, पण आमच्या घरात अशा दोन बाटल्या फुटल्या आहेत आणि मुलांच्या हातात ती देववत नाही.

निगा थोडी मागते. साबण लावायचा नाही, कारण तो धाग्यात राहतो आणि पुढच्या चार भरण्यांत चवीला लागतो. सरबत, ताक, लिंबूपाणी यांपैकी काहीही तिच्यात भरायचे नाही. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने कोकम सरबत भरले आणि ती पिशवी आंबट वासामुळे टाकून द्यावी लागली. कापड गाळणीचे काम करत नाही, त्यामुळे पिण्यायोग्य पाणीच भरावे. परत आल्यावर ती उलटी करून, तोंड उघडे ठेवून, दोन दिवस कडक उन्हात वाळवायची. एकदा मी ती अर्धवट ओली कपाटात ठेवली होती, तर आठवड्यात तळाच्या शिवणीवर बुरशीचे काळे ठिपके आले. ते उकळत्या पाण्याने गेले, डाग मात्र राहिला आहे.

सहा आठवड्यांच्या वापरानंतर शिवण पक्की आहे, बुच थोडे सैल झाले आहे आणि दोराचा बंद बदलावा लागेल. लहान मुले आणि वृद्ध बरोबर घेऊन मार्च ते मे या काळात देशावर हिंडणाऱ्या कुटुंबांनी ती जरूर घ्यावी, मात्र दोन लिटरची आणि शक्यतो दोन घ्याव्यात, म्हणजे एक मोठ्यांच्या हातात आणि एक मुलांच्या हातात राहील. एकट्याने जलद चालणाऱ्यांना, गर्दीच्या बसने जाणाऱ्यांना आणि कपडे कोरडे राहावेत अशी इच्छा असणाऱ्यांना ती त्रासदायक वाटेल. आम्ही गेल्या रविवारी त्याच दुकानातून दोन लिटरची एक आणली आहे. सासूबाई तिला जुन्या नवारीचा पट्टा शिवत आहेत आणि सध्या ती बाल्कनीत पातेल्यावर टांगलेली आहे. आज तिची दुसरी रात्र, आणि पातेल्यात पेलाभर पाणी आहे.